एंजेलाच्या लग्नाची डीव्हीडी

संगमनेरजवळच्या एका शाळेत रोझी साळवे क्लार्क आहे. मुलांचे दाखले, शिक्षकांची पगारबिलं, शिष्यवृत्तीचे ऑनलाइन फॉर्म, सगळं तिच्याच टेबलावर येतं. कॉम्प्युटर अडला की हेडमास्तरसुद्धा "रोझीबाई, जरा बघता का" म्हणत तिच्यापाशी येऊन उभे राहतात. म्हणून मागच्या वर्षी तिसगावच्या साळूबाईनंही तिलाच फोन लावला.

साळूबाई ही रोझीच्या नवऱ्याची, प्रभुदासची, पहिली सासू. तिची लेक एंजेला लग्नानंतर चौथ्या वर्षी काविळीनं गेली. मागे दीड वर्षाची दिशा राहिली. पुढे तीन वर्षांनी प्रभुदासनं रोझीशी लग्न केलं. साळूबाईनं तिला लेक मानलं, दर नाताळाला साडी पाठवली. रोझी साडी ठेवून घ्यायची, पण नेसायची नाही.

"पोरी, एंजेलाच्या लग्नाची सीडी पार खराब झाली गं. लई ओरखडे पडलेत," साळूबाई फोनवर म्हणाली. "जावईबापूंच्या कॉम्प्युटरमधी हाय म्हनं. तेवढी नवी करून दे."

"मोबाईलवर पाठवते की, आई."

"मोबाईलमधी मान्सं मुंगीयेवढी दिसत्यात मला. टीव्हीखाली डबा हाय ना, त्यात घालायची पायजे."

नाही म्हणायला रोझीला कारण सापडलं नाही.

शनिवारी शाळा लवकर सुटली. डीव्हीडी लिहिण्याची सोय ऑफिसातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवरच उरली होती. रोझीनं पेनड्राइव्हवरून फाईल घेतली आणि तशीच्या तशी डिस्कवर उतरवली. शाळेच्या हॉलमधल्या प्लेअरनं ती ओळखलीच नाही. मग तिनं नेटवर शोधलं. नुसती फाईल टाकून भागत नाही, ती डीव्हीडीच्या पद्धतीनं बदलून घ्यावी लागते, आणि त्यासाठी एक फुकट सॉफ्टवेअर आहे, असं कळलं. तिनं ते उतरवून घेतलं. त्यात सुरुवातीचं पान करायचं होतं. त्या पानावर एक फोटो आणि खाली 'सुरू करा'चं बटण. फोटो व्हिडिओतूनच निवडायचा होता, म्हणून तो बघणं आलं.

सात वर्षांच्या संसारात तिनं तो कधी पाहिला नव्हता.

हळद झाली, चर्च झालं, अंगठ्या झाल्या, केक कापला. सगळ्यावर शूटिंगवाल्यानं गाणी चढवलेली, त्यामुळे माणसांची नुसती तोंडं हलत होती. एंजेला सावळी, ठेंगणी. रोझीला बरं वाटलं. आपण हिच्यापेक्षा दिसायला उजव्या आहोत, असं तिच्या मनात आलं, आणि ते तिनं येऊ दिलं.

मग जेवणाच्या मांडवात कुणीतरी एंजेलापुढे माईक धरला आणि गाणं थांबलं.

"तिसगावची लेक मी, संगमनेरची झाले, प्रभुदासरावांसाठी चालत चालत आले."

"चालत?" प्रभुदासनं विचारलं.

"मग काय करू? तुमच्या गावची एसटी येतीय कुठं वेळेवर?"

मांडव हसला. प्रभुदास तर खुर्चीत वाकून हसत होता. डोळे पुसायचा आणि पुन्हा हसायचा. रोझीनं तो तुकडा तीनदा पाहिला. हा माणूस असा हसतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिच्याशी तो चांगला वागायचा. पगार हातात द्यायचा, ताप आला तर रात्रभर जागायचा. पण डोळे पुसेपर्यंत तिनं त्याला कधी हसवलं नव्हतं. तिच्या लग्नाला दोन बाकं भरतील एवढीच माणसं होती. तिनंही नाव घ्यायला दोन ओळी जुळवून ठेवल्या होत्या. "आता कशाला ते," असं प्रभुदासची आत्या म्हणाली आणि चहा आला.

रोझीनं त्या तीन मिनिटांच्या दोन्ही टोकांना खूण केली आणि तुकडा काढून टाकला. केकवरून गाणं सरळ पाहुण्यांच्या पंगतीवर गेलं. सुरुवातीच्या पानाला तिनं एंजेलाचे डोळे अर्धवट मिटलेला फोटो घातला. फाईल बदलून व्हायला दीड तास लागला. रोझी तोवर हजेरीपटाची बेरीज करत बसली होती. डिस्क बाहेर आली ती कोमट होती.

कुरिअर पोचल्यावर साळूबाईचा फोन आला. तो दिशानं उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"समदं झ्याक दिसतंय. पर नाव घेतलेलं न्हाई गं त्यात. तेवढंच तर तिचं बोलनं हुतं. बाकी समदी गानीच हायेत."

दिशा आता अकरा वर्षांची. तिनं फोन ठेवला. "रोझीआई, मम्मीचा आवाज होता त्यात?"

"डिस्कमध्ये बसलं नाही तेवढं."

"मग दुसरी डिस्क आणू ना. माझ्याकडे खाऊचे पैसे आहेत."

पोरीला मम्मीचा आवाज कसा होता हेही माहीत नाही, हे रोझीच्या तेव्हा ध्यानात आलं. तिला स्वतःची शरम वाटली. तरी पुढचे चार दिवस तिनं त्या फाईलला हात लावला नाही. शनिवारी मात्र तिनं सगळं पहिल्यापासून केलं. काहीही न कापता एकाच डिस्कमध्ये सगळं आरामात बसलं. फोटोही तिनं बदलला.

रविवारी चर्च झाल्यावर दिशाला घेऊन ती स्वतः तिसगावला गेली. साळूबाईनं डिस्क डब्यात घातली. नाव घेतानाचा तुकडा आला तशी दिशा टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली. "पुन्हा लाव, आजी." पाच वेळा लावलं. सहाव्या वेळी दिशा एंजेलाच्या हेलातच म्हणाली, "मग काय करू?" आणि खिदळली. या पोरीच्या वेण्या रोझीनं घातल्या होत्या, गोवरात उशाशी बसली होती, आणि पोर तीन मिनिटांत दुसरीची झाली.

चहा करायला साळूबाई आत गेली तशी रोझी तिच्यामागे गेली. "आई, जागा होती डिस्कमध्ये. मीच काढलं होतं ते."

साळूबाईनं पातेलं चुलीवर ठेवलं. "मला वाटलंच हुतं," ती म्हणाली. साखरेचा डबा पुढे ओढत तिनं विचारलं, "साखर किती घालू तुला?"

घरी आल्यावर रोझीनं प्रभुदासला विचारलं, "एक डिस्क आपल्यालाही केलीय. लावू का?"

तो गोठ्याकडे निघाला होता. दारात थबकला. "नको," म्हणाला आणि बादली घेऊन गेला.

त्या नकोचा अर्थ काय, हे रोझीनं त्याला अजून विचारलेलं नाही. मात्र यंदाच्या नाताळाला तिसगावची साडी ती नेसली. दिशानं निऱ्या धरल्या.