बाहेरच्या माणसाचा चान्स

"आकडे सोडा हो, वारं बघा," असं म्हणून ते डब्याचं झाकण उलटं ठेवायचे आणि त्यावर लिंबाच्या लोणच्याची एक फोड काढायचे. एवढं झाल्याशिवाय अमेरिकेच्या राजकारणाला सुरुवात होत नसे. तुमच्याही ऑफिसात असे एक गृहस्थ असतीलच, फार तर क्रिकेटवर बोलत असतील. आमच्या ऑफिसातले हे गृहस्थ जपानात, तोयोसुच्या एका उंच इमारतीत, खाडीकडे तोंड करून बसत. नाव सांगत नाही. तिथली मराठी माणसं मोजकी, लगेच ओळखाल.

अमेरिकेतली मंगळवारची रात्र म्हणजे जपानातली बुधवारची दुपार. त्यामुळे तिथल्या पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकांचे निकाल बरोब्बर आमच्या जेवणाच्या सुट्टीत लागायचे. जपानात त्यांना मताचा हक्क नव्हता, भारतात मतदानाला जाणं कधी जमत नव्हतं आणि अमेरिका त्यांनी विमानतळापुरतीही पाहिली नव्हती. तरी त्यांनी तिथला एक उमेदवार जणू दत्तक घेतला होता. तो होता एका आडगावातला डॉक्टर. आधी कुठलंच पद नाही, पक्षातले जुने जाणते त्याला दारातही उभं करायला तयार नाहीत.

"आहे का हो चान्स?" मी मुद्दाम विचारायची.

"म्हणजे काय! पहिली राज्यं छोटी असतात. तिथे नुसत्या भाषणांवर भागत नाही. हा लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतो, कॉफी पितो, म्हाताऱ्यांची गुडघेदुखी ऐकून घेतो. बाहेरच्याला तो एकच दरवाजा उघडा असतो."

पहिल्या राज्यात डॉक्टर दुसरा आला, पुढच्यात चक्क जिंकला. त्या बुधवारी ह्यांनी आम्हा सगळ्यांना खालच्या कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, आइस्क्रीम आणून दिलं. फेब्रुवारीच्या थंडीत आम्ही ते कुडकुडत खाल्लं.

आता खरी गोष्ट सांगते. त्याच दिवसांत आमच्या ऑफिसातही एक उमेदवार होता, आणि तो म्हणजे हे स्वतः. आमचे काचो, म्हणजे सेक्शनचे प्रमुख, मार्चअखेर निवृत्त होणार होते. आजवर त्या खुर्चीत जपान्याशिवाय कुणी बसलं नव्हतं. काम पाहिलं तर ह्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं, आणि हे त्यांनाही चांगलं ठाऊक होतं.

उरायासुला त्यांच्या घरी गेले होते तेव्हा वहिनी पोहे परतता परतता म्हणाल्या, "काचो झाले तर इथेच घर घ्यायचं, नाही झाले तर लेकीची सहावी संपली की पुणं, असं ठरवलंय ह्यांनी. पण खरं सांगू? मला नाही गं जायचं. आणि हिला तर मुळीच नाही." लेक शेजारीच बसली होती. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र जपानीत द्यायची. त्या दिवशी ती उठून आतल्या खोलीत गेली.

जपानी ऑफिसात नवी गोष्ट मीटिंगमध्ये पहिल्यांदा मांडत नाहीत. आधी एकेकाला गाठायचं, चहाच्या मशीनपाशी किंवा लिफ्टची वाट बघताना. त्याचं मत घ्यायचं, त्याची शंका ऐकायची. मीटिंग असते ती फक्त शिक्का मारायला. ह्याला नेमावाशी म्हणतात. झाड हलवायच्या आधी मुळांभोवतीची माती मोकळी करून घ्यायची, तसं. हे मला कुणी शिकवलं असेल? ह्यांनीच. नव्याने आलेल्या प्रत्येक भारतीयाला ते हा धडा देत.

त्यांनी पुढच्या वर्षीच्या कामाची मोठी योजना तयार केली, तेव्हा मी म्हणाले, "आधी एकदा बुचोंना भेटा ना." बुचो म्हणजे काचोंच्या वरचे, अख्ख्या विभागाचे प्रमुख.

"छे! वशिला लावायचा का मी? जे असेल ते सगळ्यांसमोर. आपलं काम बोललं पाहिजे."

"मग तुमचा डॉक्टर घरोघर कॉफी पीत फिरतो, ते काय?"

"ते वेगळं," म्हणाले आणि लोणच्याकडे वळले. पुण्याच्या मास्तरांच्या घरात वाढलेला माणूस तो. स्वतःसाठी कुणाच्या टेबलाशी जाऊन उभं राहणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

मीटिंगमध्ये ते सुरेख बोलले. लेकीने घरी जपानी उच्चार घोटवून घेतले होते. संपल्यावर सगळे टेबलाकडे बघत माना हलवत राहिले. बुचो म्हणाले, "खूप शिकायला मिळालं." जपानात असं म्हटलं की समजावं, विषय संपला. हे मात्र बाहेर आले ते गालात हसत. "पाहिलंत वारं?"

मार्चमध्ये एकाच मंगळवारी बऱ्याच राज्यांत मतदान झालं आणि डॉक्टरचं पानिपत झालं. त्याच आठवड्यात बदल्या जाहीर झाल्या. काचो म्हणून सेंदाईच्या शाखेतून एक अबोल गृहस्थ येणार होते. त्यांना अभिनंदनाचा पहिला फोन ह्यांनी केला.

पुढच्या बुधवारी डॉक्टरने माघार घेतली. एका शाळेच्या हॉलमध्ये उभं राहून त्याने सगळ्यांचे आभार मानले आणि तो मंचावरून उतरला. ह्यांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. "काय रुबाबात गेला बघा. कुणी मनधरणी करेल म्हणून थांबला नाही."

तेव्हाच मला समजायला हवं होतं. जुन्या काचोंच्या निरोपाच्या पार्टीत ह्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. काचोंबद्दल ते भरभरून बोलले, आणि त्याच ओघात, आपणही नोकरी सोडून पुण्याला परत चाललोय, हे सांगून खाली बसले. आधी कुणालाच कल्पना दिली नव्हती. जपानात चारचौघांत जाहीर केलेला निर्णय मागे घ्या म्हणणं म्हणजे त्या माणसाचा अपमान. बुचोंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनी वाजवल्या. मला ह्यांचा भयंकर राग आला, तरी टाळ्या मीही वाजवल्या.

विमानतळाची बस उरायासु स्टेशनजवळून सुटायची. ते निघाले त्या रविवारी सकाळी मी पोचले तर बुचो आधीच येऊन उभे होते, एकटेच, लेकीसाठी मिठाईचा खोका घेऊन. लेकीने तो दोन्ही हातांनी घेतला आणि वर न बघता बसमध्ये चढली. वहिनी माझा हात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. ते आणि बुचो एकमेकांना कितीतरी वेळ वाकून नमस्कार करत होते. ड्रायव्हरने हॉर्न दिला तेव्हा कुठे ते चढले.

बस गेल्यावर बुचो रस्त्याकडे बघतच मला म्हणाले, "पुढच्या वर्षी माझ्या हाताखाली एक नवा सेक्शन निघणार आहे. त्याचे काचो त्यांना करावं म्हणून मी वरच्या लोकांशी बोलत होतो. एकेकाशी. शेवटचे दोघे राहिले होते. मग त्यांना सांगणार होतो."

आता ते माझ्याकडे वळले.

"पार्टीच्या आधी मला सांगितलं असतं, तर मी थांबा म्हटलं असतं. थांबले असते का ते?"

"थांबले असते," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. आणि बस दिसेनाशी झाली होती, तरी त्या रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून ते पुन्हा एकदा कमरेत वाकले.