भरल्या गाडीची पूजा

दसऱ्याला खदानीत स्फोट होत नाहीत. ड्रिल मशीन, कॉम्प्रेसर आणि टिप्पर धुऊन ओळीने उभे केलेले असतात, त्यांना झेंडूचे हार घातलेले असतात, आणि एरवी दगडाच्या भुकटीने पांढरी झालेली माणसे इस्त्रीच्या कपड्यांत चटकन ओळखू येत नाहीत. तिरोडा तालुक्यातल्या अशा एका खदानीत मी सुरक्षा अधिकारी होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर स्फोटकांच्या सरकारी तपासणी खात्यात जायचे मी ठरवले होते आणि त्यासाठी प्रत्यक्ष कामाचा अनुभव हवा होता. म्हणून गोंदियाजवळच्या फुलचूरचे घर सोडून मी तिरोड्यात खोली घेऊन राहत होते. फार काळ राहायचा विचार नव्हता.

माझ्या कामाचा मोठा भाग एका व्हॅनभोवती फिरत असे. दूर माळावर असलेल्या मोठ्या कोठारातून स्फोटकांच्या पेट्या खदानीच्या लहान कोठारात आणणारी ती बंद पेटीची व्हॅन होती. पेट्यांत जिलेटिन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कांड्या असत. त्यांना चेतवणारे डिटोनेटर वेगळ्या दिवशी, वेगळ्या गाडीने येत. कांड्या घेऊन निघालेली व्हॅन वस्तीत थांबवायची नाही. ती एकट्याने न्यायची नाही, चालकाबरोबर दुसरा माणूस कायम हवा. गाडीत आणि गाडीजवळ आग नको, काडेपेटीसुद्धा नको. धोक्याची पाटी चारही बाजूंनी दिसली पाहिजे. हे नियम मी इतक्या वेळा समजावून सांगितले होते की कामगार माझ्या आधीच पुढचे वाक्य म्हणून दाखवत आणि हसत.

त्यात हसत नसे तो एक माणूस. तो त्या व्हॅनचा चालक होता, पन्नाशीचा, बोदलकसा तलावाजवळच्या एका गावचा. मी त्याला काका म्हणत असे. खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, तो खायचा, पण गाडीत बसण्याआधी चूळ भरून पुडी कार्यालयातच ठेवायचा. खड्डा दिसला की तो गाडी जवळजवळ थांबवून मग उतरवायचा. त्याच्या गाडीचा तपासणी अहवाल लिहिताना मला कधी खाडाखोड करावी लागली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोठा स्फोट ठरला होता. त्याच्या पेट्या सणाच्या सकाळीच आणून टाकतो, रस्ता मोकळा असतो, असे काकांनीच सुचवले. मला ते योग्य वाटले आणि मी परवानगी दिली. यंत्रांच्या पूजेआधी व्हॅन यायला हवी होती. ती आली नाही. काकांचा फोन वाजत राहिला. बरोबरच्या माणसाला लावला, तर त्याच्या मागे बायकांचा आणि भांड्यांचा आवाज येत होता. तो आपल्या घरी होता. काकांनीच फाट्यावर उतरवून सणाला सोडले, असे तो चाचरत म्हणाला.

त्याच महिन्यात व्हॅनला तिची जागा दाखवणारे जीपीएस यंत्र बसवले होते. मी मोबाइलवर नकाशा उघडला. रस्त्यावर बंद पडलेली गाडी रस्त्यावर दिसते. ही गाडी रस्ता सोडून काकांच्या गावात, घरांच्या मधोमध उभी होती.

व्यवस्थापक म्हणाले, सण आहे, घरी पाणी प्यायला थांबला असेल, पूजा झाल्यावर जा. मी स्कूटी काढली.

त्या रस्त्याच्या एका बाजूला नागझिऱ्याकडचे जंगल आणि दुसऱ्या बाजूला लोंब्या धरलेले धान आहे. मी दोन्हीकडे पाहिले नाही. मी हिशेब करत होते. या कांड्या ठिणगीने लगेच फुटत नाहीत, उघड्यावर एखादी पेटली तर नुसती जळते. हे मला माहीत होते आणि त्याचा काही काळ आधारही वाटला. पण गाडीच्या बंद पेटीत, एकावर एक रचलेला माल पेटला, तर जळणे कोणत्या क्षणी फुटण्यात बदलेल हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून मालापर्यंत आग पोचली तर ती विझवायची नाही, माणसे दूर न्यायची, हाच नियम आहे. गल्लीतून माणसे दूर कशी न्यायची, हे मी रस्ताभर पुन्हा पुन्हा मनात मांडून पाहिले.

गल्लीच्या तोंडाशी स्कूटी बंद करून मी पायी आत गेले.

व्हॅन काकांच्या अंगणाला लागून उभी होती. झेंडूच्या जाड हाराखाली समोरची धोक्याची पाटी झाकली गेली होती. दारावर कुंकवाचे स्वस्तिक होते, चाकांखाली लिंबे होती. मागची दोन्ही दारे सताड उघडी होती आणि आतल्या पेट्या, त्यांच्यावरच्या नारिंगी चिठ्ठ्यांसकट, सगळ्यांना दिसत होत्या. वरच्या पेटीवर आपट्याची पाने ठेवली होती. गाडीच्या अंगणाकडच्या बाजूला, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, गेल्या सालच्या तणसाचा, म्हणजे धानाच्या वाळल्या पेंढ्याचा, ढीग होता. चाकापुढे जमिनीवर फटाक्यांची लड पसरून ठेवली होती, आरती झाल्यावर लावायला. शेजारपाजारच्या बायका, म्हातारी माणसे, नव्या कपड्यांतली लेकरे, सगळी गाडीला खेटून उभी होती. आणि काकांची बायको पेटलेले निरांजन आणि कापराच्या वड्या ठेवलेले ताट घेऊन उघड्या दारांकडे निघाली होती.

मी ओरडले असते तर लोक पळाले असते. ताट पडले असते. मी चालण्याचा वेग वाढवला नाही.

"या जी मॅडम," काकू मला पाहून थांबल्या आणि हसल्या. "बराबर टाइमावर आल्या. तुमच्याच हातानं ओवाळू गाडीले."

खाटेवर बसलेली काकांची आई मला निरखत म्हणाली, "हेच का रे तुयी साहेबीन? हे तं लेकरू आहे."

सगळे हसले. मीही हसले असेन. काका हसले नाहीत. ते व्हॅनच्या मागच्या दाराशी उभे होते आणि मला पाहिल्यापासून त्यांचा हात दाराच्या कडीवरून हलला नव्हता.

मी काकूंच्या आणि गाडीच्या मध्ये जाऊन उभी राहिले. दिव्याची ऊब माझ्या हाताला जाणवत होती. मी म्हटले, काकू, थोडे थांबा, काकांना तुम्हा सगळ्यांना काही सांगायचे आहे. खाटेवरच्या बुढीला ते आवडले नाही. शिकल्या पोरीले पूजेतही आपलाच हिसाब पायजे, असे ती शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली.

मग मी आवाज न चढवता म्हणाले, "काका, गाडीत काय आहे ते तुम्ही सांगा. तुम्ही नाही सांगितले तर मी सांगेन."

ते माझ्याकडे पाहत राहिले. त्या नजरेत राग नव्हता. त्यांनी घरी काय सांगितले होते ते मला नंतर कळले. दगडाची दवाई, असे सांगितले होते. दगड नरम करायची दवाई खदानीत लागते आणि मी ती पोचवतो. एवढ्या वर्षांत कोणी पुढे विचारले नव्हते.

"बारूद आहे," ते म्हणाले.

कोणाला नीट ऐकू आले नाही. त्यांनी पुन्हा सांगितले, या वेळी बायकोकडे पाहून.

"सब्बन पेट्यायमधी बारूद आहे. पहाड फोडाचा. मांगं सरक."

 कुणीतरी लेकराला मागच्या मागे ओढून घेतले. लड मांडणारा एक तरुण वाकून ती गोळा करू लागला आणि मी त्याला ती गाडीपासून लांब, गल्लीबाहेर न्यायला सांगितले. काकू मात्र जागच्या हलल्या नाहीत. तलावाकडून वाऱ्याची झुळूक आली, ज्योत आडवी झाली, आणि त्यांनी सवयीने दुसऱ्या हाताची ओंजळ तिच्याभोवती धरली. दिवा विझू नये म्हणून.

"काकू, दिवा विझवा," मी म्हटले.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. देवीचा दिवा दसऱ्याच्या दिवशी फुंकायचा नाही, हे मला सांगायची त्यांना गरज नव्हती. माझ्या आईनेही फुंकला नसता. काकू गाडीकडे तोंड ठेवून एकेक पाऊल मागे जाऊ लागल्या. अंगणाकडची वाट तणसाच्या ढिगाजवळून जात होती. ढिगातल्या काड्या त्यांच्या पदराला लागत होत्या. मी त्यांच्या ओंजळीतल्या उजेडावरून नजर काढू शकत नव्हते, आणि गल्लीतले कोणीही काढू शकत नव्हते. काकू घराच्या उंबऱ्याआड गेल्या, आतून ताट पाटावर ठेवल्याचा बारीक आवाज आला, आणि तेव्हा कुठे लोक गल्लीतून निघू लागले. बुढी खाटेवरच बसून राहिली. मी कुठं जाऊ बाई, एवढेच ती म्हणाली.

काकांनी दारे लावली, कडी घातली, कुलूप घातले. मी पाटीवरचा हार काढला आणि गाडीभोवती फिरून खाली, सायलेन्सरपाशी, चाकांत काही अडकले आहे का ते पाहिले. दुसरा माणूस नव्हता, म्हणून त्याच्या जागी मी बसले.

गाव मागे पडले. काका नेहमीइतक्याच सावकाश गाडी चालवत होते. जंगल जवळ आल्यावर मी विचारले, पेट्या खदानीत उतरवून रिकामी गाडी घरी आणली असती तर पूजा झाली नसती का?

"खाली गाडी पुजत नाई जी. खाली पुजली तं सालभर खालीच फिरते."

"मग धानाचे पोते ठेवायचे."

"जे वाहून पोट भरते तेच ठेवा लागते." मग रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "दरसाली तं काई नाई झालं."

त्या वाक्यापर्यंत मला जी भीती वाटत होती ती एका सकाळची होती. सगळा दोष मी त्या एका सकाळवर टाकला होता. आता मला मागचे दसरे दिसू लागले, जागा दाखवणारे यंत्र नव्हते तेव्हाचे, हीच गाडी, हीच गल्ली. काही झाले नाही, हे माझ्यासाठी केवळ न झालेल्या गोष्टीचे वर्णन होते. काकांसाठी तो पुरावा होता, आणि दर वर्षी तो वाढत गेला होता. खड्ड्यात गाडी न आपटणारा, चूळ भरून बसणारा हा माणूस निष्काळजी नव्हता. भरल्या गाडीपुढे दिवा ओवाळणे हीदेखील त्याच्या लेखी गाडीची घेतलेली काळजीच होती. निष्काळजी माणसाला शिस्त लावता येते. इथे काय करायचे ते मला कोणी शिकवले नव्हते.

खदानीत पेट्या उतरवल्यावर मी आतली रबरी चटई उचलायला सांगितली. ठिणगी पडू नये म्हणून गाडीच्या पेटीला आतून लाकडाचे अस्तर असते. दारापासून हातभर आत, फळीवर हळदीकुंकवाचे जुने, तेलकट डाग होते, आणि त्यांच्या मधोमध कापराच्या वडीएवढी काळी, जळकी खूण. मी बोट फिरवले. लाकूड तिथे किंचित खोल गेले होते. एका वेळेच्या कापराने इतके जळत नाही.

व्यवस्थापकांनी अहवालात गाडी बिघडल्याचे लिहावे असे सुचवले. परवान्याचे नूतनीकरण जवळ आले होते, आणि माझ्या पुढच्या जागेसाठी त्यांच्याच शिफारशीची गरज पडणार होती. दोन्ही गोष्टी त्यांनी सौम्यपणे बोलून दाखवल्या. मी जे पाहिले ते लिहिले. काकांनी वाचून खाली सही केली आणि गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. स्फोटकांची गाडी त्यांना पुन्हा मिळाली नाही. ते आता एका राइस मिलचा ट्रक चालवतात.

दिवाळीच्या आधी काकू तिरोड्याच्या बाजाराला आल्या तेव्हा माझ्या खोलीवर आल्या. त्या नवऱ्याच्या कामाबद्दल बोलायला आल्या असतील असे गृहीत धरून मी उत्तर तयार ठेवले होते. त्यांनी ते विचारलेच नाही. पिशवी मांडीवर घेऊन त्या दाराशीच बसल्या.

"मॅडम, एक खरं सांगा. त्या पेट्या दरसाली त्याच राहत होत्या का जी?"

मी हो म्हणाले.

त्यांनी मान खाली घातली. मी पाणी दिले ते त्यांनी हातात धरून ठेवले, प्यायल्या नाहीत.

"परारच्या साली नात आली होती," त्या म्हणाल्या. "तिले आतमधी पेटीवर बसवून ओवाळलं होतं मी."