अकरावी पायरी

आमच्या रेकॉर्ड विभागातल्या बाईंना सगळं ऑफिस 'लेखीबाई' म्हणतं. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक आहे. त्यांना काहीही सांगा, फाइल वर पाठवा, कपाट सरकवा, त्या म्हणणार, "लेखी द्या." एकदा पाण्याचा पाइप फुटला. शिपाई ओरडत आला, "बाई, खालच्या फायली उचला!" बाईंनी पदर खोचून सगळ्या फायली उचलल्या आणि वर म्हणाल्या, "उचलल्या. आता मागाहून तरी लेखी दे."

मी या कंपनीत कार्यालय अधीक्षक आहे. आम्ही पंप आणि त्यांचे सुटे भाग विकतो. आठवड्याला लेखीबाईंची दोन-तीन टिपणं माझ्या टेबलावर यायची. 'तिसऱ्या कपाटाची किल्ली घट्ट फिरते.' 'जिन्यातला दिवा कुठल्या बटणावर लागतो ते लिहिलेले नाही.' सुरुवातीची दहा वर्षं मी ती वाचली. पुढे वरची ओळ बघून खाली 'पाहिले' असं लिहायचो, सही-तारीख टाकायचो आणि परत पाठवायचो.

या वर्षी ऑफिसात नवे संगणक आले. जुने बारा मोडीत काढायचे ठरले. नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाने 'सर्व माहिती पुसली आहे' असा दाखला दिला, मी त्यावर प्रतिस्वाक्षरी केली. अकरा संगणक भंगारवाला घेऊन गेला. बारावा लेखीबाईंनी रीतसर अर्ज करून मागून घेतला. कशाला हवा, या रकान्यात त्यांनी 'स्वयंसेवी कामासाठी' असं लिहिलं होतं. मला तेव्हाच खटकलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या बाईला भंगारातल्या संगणकावर कसली सेवा करायची आहे?

मग त्यांचं वागणं बदललं. जेवणाच्या सुट्टीत त्या पूर्वी बायकांच्या घोळक्यात बसत. आता रेकॉर्डचं दार लोटून आत बसू लागल्या. आतून कीबोर्डचा आवाज यायचा, मध्येच थांबायचा, परत सुरू व्हायचा. दोनदा मी काहीतरी निमित्त काढून आत गेलो. दोन्ही वेळा त्यांनी वही मिटली.

अशातच आमच्या तीन जुन्या ग्राहकांना दुसऱ्याच कंपनीचे फोन गेले. त्यांनी कुठला पंप कोणत्या साली घेतला, कुठला भाग बदलायला आला, सगळं समोरच्याला माहीत. मोठ्या साहेबांनी मला आत बोलावलं. नेटवर्कवाला तिथे आधीच बसलेला होता. त्याने माझ्यापुढे कागद सरकवले.

"रोज एक ते दीड, सर. रेकॉर्डमधून. बाहेरच्या लोकांशी बोलणं चाललंय. आणि तेही इंटरनेटवरच्या एका उघड्या फलकावर, कुणालाही वाचता येईल असं. म्हणजे किती निर्ढावलेल्या आहेत बघा."

मी वाचलं. बाईंनी लिहिलं होतं, 'पायरी एक ते दहा व्यवस्थित. अकरावी केलेली नाही. परवानगी आलेली नाही.' खाली कुणा परक्याने विचारलं होतं, 'ताई, अकरावीचं काय झालं? आम्ही तुमच्यावर अवलंबून आहोत.' त्याला बाईंचं उत्तर, 'वरून कळल्याशिवाय हात लावणार नाही.' असे पाच महिने. तीच अकरावी, तेच 'वरून'.

"वरून म्हणजे कुठून, सर?" नेटवर्कवाला हळूच म्हणाला. "यांच्या वर कोण बसलंय?"

मोठे साहेब म्हणाले, "सोमवारपर्यंत अहवाल द्या. खरं निघालं तर बाईंना त्याच दिवशी घरी पाठवू. तीस वर्षं झाली म्हणून गय करणार नाही."

त्या संध्याकाळी मी चहा पिता पिता बायकोला विचारलं, "एखादं माणूस रोज अर्धा तास परक्यांसाठी फुकट राबेल का?"

"रोज अर्धा तास?" ती म्हणाली. "अहो, मी बत्तीस वर्षं दिवसभर राबतेय. माझी चौकशी कधी लावताय?"

"मी चेष्टा करत नाहीये."

"मीही नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी झाल्याबरोबर मी न ठोठावता रेकॉर्डमध्ये शिरलो. डबा उघडा होता, शेजारी वही, समोर तो जुना संगणक. बाईंनी वही मिटली.

"उघडा ती," मी म्हणालो.

"तेलाचा हात लागेल म्हणून मिटते, सर," असं म्हणून त्यांनी वही माझ्याकडे वळवली. पानाला तीन रकाने होते. मी काय केले. काय होईल असे वाटले. काय झाले.

"हे कुणासाठी?"

मग त्यांनी सांगितलं. एक संगणकप्रणाली आहे, म्हणजे ज्याच्या जोरावर संगणक चालतो ती. ती कुणा कंपनीची नाही. देशोदेशीचे लोक मिळून ती बनवतात. कुणीही घ्यावी, आत काय आहे ते बघावं, सुधारावं. ती भरलेला पेनड्राइव्ह बाईंना त्यांच्या भाचीने आणून दिला होता. या लोकांनी कामांची यादीच लावलेली असते. कुणी प्रोग्रॅम लिहितं, कुणी भाषांतर करतं, कुणी नवख्यांच्या शंकांना उत्तरं देतं.

"तुम्हाला प्रोग्रॅम येतो?"

"छे. ज्यांना काही येत नाही त्यांच्यासाठीही एक काम आहे. ही प्रणाली संगणकावर बसवायची कशी, याच्या पायऱ्या आपल्या भाषेत लिहिल्यात. त्या बरहुकूम करायच्या आणि कुठे अडलं ते कळवायचं. त्यांनी पायऱ्या सुधारल्या की पुन्हा पहिलीपासून. स्वतःची अक्कल वापरायची नाही. जाणकारांना ते जमत नाही, सर. न लिहिलेलं त्यांचे हात आपोआप करून जातात. मग लिहायचं काय राहिलंय ते त्यांना कळणार कसं?"

"आणि तुम्हाला जमतं."

"मला इथे सगळे त्यासाठीच हसतात ना," बाई सहज म्हणाल्या.

"किती देतात?"

"एकदा आभार मानले होते."

माझा विश्वास बसला नाही. इतकं सरळ उत्तर तयार ठेवणारं माणूस मला कधीच सरळ वाटलेलं नाही. मी मुद्द्यावर आलो. "अकरावी पायरी काय आहे?"

त्यांनी छापील कागद पुढे केला. मी बोट ठेवून वाचलं. पहिल्या दहा पायऱ्यांत प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालवून बघायची होती, संगणकातल्या कशालाही धक्का लागत नव्हता. अकरावी अशी, 'डिस्कवर जुनी माहिती नाही याची खात्री करा. असल्यास मालकाला विचारा. मग डिस्क पुसा.'

"मग पाच महिने पुसली का नाही?"

"तुमचं उत्तर आलं नाही."

"माझं?"

बाई उठल्या. दुसऱ्या कपाटातून फाइल काढली, खुणेचा दोरा सरकवला आणि टिपण माझ्यापुढे ठेवलं. तारीख पाच महिन्यांपूर्वीची. 'मला दिलेल्या संगणकात ग्राहकांची पूर्ण यादी तशीच आहे. दाखल्यात मात्र माहिती पुसली असे म्हटले आहे. बाकीचे अकरा अजून मागच्या व्हरांड्यात आहेत, तेही तपासावेत. माझ्याकडचा पुसू का, ते लेखी कळवावे.'

खाली माझ्या अक्षरात, 'पाहिले'. सही. तारीख.

"तुम्ही 'पाहिले' लिहिलंत, सर. 'पुसा' असं लिहिलं नाहीत."

व्हरांड्यातून ते अकरा संगणक त्या टिपणानंतर आठवड्याने भंगारात गेले होते, ग्राहकांच्या यादीसकट. मी खुर्ची ओढून बसलो. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

नेटवर्कवाल्याला मी जिन्यात गाठलं आणि टिपण दाखवलं. तो आधी हसला. "बाराच्या बारा पुसत कोण बसतो, सर? भंगारातच जायचे होते." मग आवाज उतरवून म्हणाला, "सही तुमचीही आहे. त्या टिपणाची प्रत एकच ना? जुने कागद गहाळ होतात. तुमचे राहिलेत किती, नऊच महिने. कशाला शेवटी शेवटी डाग लावून घेता?"

खोटं कशाला सांगू, त्या रात्री मला झोप लागली नाही. अहवालासाठी बाईंकडून मागून घेतलेलं टिपण माझ्या बॅगेतच होतं. बाईंनी ते विश्वासाने दिलं की माझी परीक्षा बघायला, हाही संशय येऊन गेला.

रविवारी मी अहवाल लिहिला. बाईंचेच तीन रकाने घेतले. 'मी काय केले' यात चौकशीचा तपशील लिहिला. 'काय होईल असे वाटले' यात लिहिलं, रेकॉर्ड विभागातील बाई दोषी निघतील असे वाटले. 'काय झाले' यात दाखला, टिपण, अकरा संगणक, सगळं क्रमाने.

सोमवारी सकाळी तो आधी बाईंना दाखवला. जिची चौकशी तिलाच अहवाल दाखवणं नियमात बसत नाही, पण पायऱ्या तपासणारं दुसरं कुणी मला ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा लावून बोट फिरवत वाचला. एका ओळीवर बोट थांबलं. 'सदर टिपणावर "पाहिले" असा शेरा आढळतो.'

"इथे अडले, सर."

"का?"

"कुणी पाहिलं, ते लिहिलेलं नाही."

मी पेन काढलं आणि ओळ खोडून वर लिहिलं, 'सदर टिपणावर मी, कार्यालय अधीक्षक, न वाचता "पाहिले" असे लिहिले.' बाईंनी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं आणि कागद परत दिला. "आता कुठे अडत नाही."

मोठ्या साहेबांनी स्वतः येऊन बाईंच्या संगणकातली यादी पाहिली. बाईंना कुणी काही बोललं नाही. नेटवर्कवाल्याची खुर्ची आठवड्याभरात रिकामी झाली. माझ्या सेवापुस्तकात चौतीस वर्षांतला पहिला ठपका लागला. तो योग्य जागी लागला आहे.

त्याच आठवड्यात मी एक कागद रेकॉर्डमध्ये पाठवला. 'आपल्या टिपणास अनुसरून, डिस्क पुसावी.' दुपारी तो उघडा फलक मी माझ्या टेबलावरून उघडला. सवय लागली होती. बाईंनी लिहिलं होतं, 'अकरावी पायरी केली. बाराव्या पायरीत अडकले. पेनड्राइव्ह केव्हा काढायचा ते लिहिलेले नाही.'

खाली परक्याचं उत्तर होतं, 'ताई, दोन वर्षांत हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.'