बाकीचे काय करून राहतात?

नाट्यकलेच्या आकाशातील एक तेजस्वी तारा निखळला, हे वाक्य गेल्या महिन्यात अकोल्याच्या शोकसभेत वाचले गेले तेव्हा सभागृहात पूर्ण शांतता होती. वाक्य माझेच होते. चिटणिसांनी ऐनवेळी शोकप्रस्ताव मागितला म्हणून मी तो लिहून दिला, आणि खरे सांगायचे तर हाच तारा मी दोन वर्षांपूर्वी एका निवृत्त नायब तहसीलदारांच्या वेळीही निखळवला होता. शेषराव भुयार तारा वगैरे नव्हता. तो अकोल्याच्या एका शाळेत तीस वर्षे मराठी शिकवणारा मास्तर होता, माझा कॉलेजपासूनचा मित्र होता, आणि नाटकाविषयी त्याने जन्मात एकच प्रश्न विचारला. त्या प्रश्नापायी त्याचे शिक्षण बंद पडायची वेळ आली होती. ती हकिकत शोकप्रस्तावात बसण्यासारखी नव्हती, म्हणून इथे लिहितो.

तो गेल्याची बातमी त्याच्या धाकट्या भावाने आणली. मी दाढी करत होतो. "दादा गेला," एवढे म्हणून तो दारातच थांबला, आणि चपला काढता काढता म्हणाला, "चहा झाला होता त्याचा." मला का कोण जाणे, त्या दुसऱ्या वाक्याने बरे वाटले…

आम्ही भेटलो अमरावतीच्या कॉलेजात. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचे, कारभाराला मध्यप्रांताचे आणि परीक्षेला नागपूरचे होते. आपण नक्की कोणाचे, हे ठरवायची वऱ्हाडी माणसाला घाई नव्हती. मी अकोल्याच्या वकिलाचा मुलगा. शेषराव चांदूर रेल्वे या गावचा. गावाबाहेर त्यांचा मळा होता आणि सारे घर भाजी आणि फुले पिकवून विकत असे. वसतिगृहात आमची खोली एक. पहिल्या दिवशी मी पेटीतून पुस्तके काढून मांडली आणि त्याने टोपलीतून काकड्या. खोलीवर येणाऱ्यांची गर्दी कशामुळे वाढली, याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती.

नाटक हा विषय तेव्हा बी. ए.ला होता, म्हणजे नाटकांची पुस्तके होती. नाटक शिकायचे तर ते कुठेतरी उभे राहिलेले पाहावे लागते, असे कोणाच्या मनात आले नव्हते. आमचे दामले सर पुण्याचे, अतिशय विद्वान आणि मनाने सज्जन. ते पुस्तक डोळ्यांसमोर धरून एकेक भाषण वाचत आणि मग नायकाच्या स्वभावाचे पाच गुण उतरवून देत. एका राजाचे विरहाचे भाषण असे चालले होते. सरांनी ते संपवून घाम पुसला, तेवढ्यात मागच्या बाकावरून शेषराव उभा राहिला.

"सर, हा राजा इतका वेळ बोलते, तवा बाकीचे काय करून राहतात?"

वर्गात हशा पिकला. सरांनी चष्मा काढला. "बाकीचे म्हणजे?"

"थे राजकन्या हाय ना तिथं. दासी हाय. दरवाजात पहारेकरी हाय."

"ते ऐकतात," सर म्हणाले.

"पंधरा मिनिटं? नुसते?"

सरांनी चष्मा पुन्हा लावला आणि पहिला गुण सांगायला घेतला. वर्गाला त्या दिवसापासून गंमत सापडली. खानावळीत कोणी लांबण लावली की मुले ओरडत, "शेषराव, बाकीचे काय करून राहिले?" तो चिडत नसे. वरणात भात कालवत शांतपणे म्हणे, "जेवून राहिले."

याच सुमारास आपला मुलगा कॉलेजात नाटक शिकतो, ही वार्ता चांदूरला शेषरावच्या बाबांच्या कानावर गेली. ते सकाळच्या गाडीने थेट आमच्या खोलीवर आले. उंच, काटक माणूस. खाटेच्या कडेवर बसले, पूर्ण टेकले नाहीत.

"नाटक शिकाले कॉलेज लागते काय?" ते म्हणाले. "थे तं आपल्या गावातले पोट्टे असेच करतात. मले मळ्यात दोन हात कमी पडून राहिले, अन् तू इथं तोंड रंगवतं?"

"बाबा, तोंड नाई रंगवत. पुस्तक वाचतो नाटकाचं."

"मंग तं अजूनच बेकार."

शेवटी एक बोली ठरली. स्नेहसंमेलनाचे नाटक बाबांनी स्वतः येऊन पाहायचे. त्यात काही दम दिसला तर शेषरावने परीक्षेला बसायचे, नाही तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीने बिऱ्हाड घेऊन मळ्यात. शेषराव 'हाव' म्हणाला. त्या रात्री तो जेवला नाही, यावरून त्याला ते किती लागले हे मी ओळखले.

नाटक दामले सर बसवत होते आणि ते तेच विरही राजाचे होते. शेषरावने भूमिका मागितली. सर वाईट माणूस नव्हते, पण जिभेला धार होती. "भुयार, तुम्ही राजा झालात तर प्रजा भाजीचा भाव विचारील," ते म्हणाले आणि त्याला दारावरचा पहारेकरी केले. पहारेकऱ्याला एकही वाक्य नव्हते. राजकन्या मी होतो. माझी उंची कमी होती आणि मिशी अजून फुटायची होती. अभिनयाची चौकशी कोणी केली नाही. राजाच्या भाषणभर खाली मान घालून उभे राहायचे, एवढे माझे काम. शेषरावचा प्रश्न किती रास्त आहे, हे मला दुसऱ्याच तालमीत कळले. मी पायाची बोटे मोजत असे. ती दर वेळी दहाच भरत.

बागेचा पडदा अकोल्याच्या एका बंद पडलेल्या नाटक कंपनीकडून यायचा होता. आदल्या दिवशी गाठोडे उघडले तर आत तुरुंगाचा पडदा. तो उलटा टांगून खरी झाडे समोर मांडावी असे ठरले, आणि झाडे कोणी आणायची यावर चर्चा झालीच नाही. शेषरावने गावी निरोप धाडला. बाबा फुलझाडे उपटू देणारे नव्हते. फुलांना बाजार होता. ज्यांचा बहर सरला होता अशी वांग्याची वीस झाडे त्यांनी मुळाशी माती ठेवून टोपल्यांत भरली, आणि बडनेऱ्याला गाडी बदलून नाटकाच्या दिवशी दुपारी स्वतः घेऊन आले. काही झाडांना चुकार वांगी अजून लटकत होती. सरांनी कपाळाला हात लावला. पण तुरुंगापेक्षा वांगी बरी.

दिव्यांचा खर्च वाचावा म्हणून नाटक दुपारी चारला होते. पहिल्या रांगेत मखमली खुर्चीवर एक रावबहादूर, गळ्यात हार, हातात चांदीच्या मुठीची काठी. ते पहिल्या अंकातच झोपले, पण रुबाबात झोपले. बाबा मागे भिंतीला टेकून उभे. त्यांच्या फेट्याचे टोक मला रंगभूमीवरून दिसत होते, आणि दारात भाला घेऊन उभ्या शेषरावलाही दिसत असणार.

राजाने भाषण सुरू केले. चार-पाच मिनिटे झाली. माझी बोटे मोजून झाली होती. एवढ्यात समोरचे लोक एकाएकी सावध झाल्यासारखे वाटले. राजालाही वाटले आणि तो खुशीत आवाज चढवू लागला. मी तिरक्या नजरेने पाहिले. शेषरावने भाला दाराला टेकवला होता. उन्हाने एक वांग्याचे झाड मान टाकत होते, त्याच्याकडे तो बघत होता. मग राजाकडे बघितले, कामात व्यत्यय नको अशा बेताने दोन पावले टाकली, विंगेत ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलला आणि ते झाड भिजवायला लागला. कान राजाकडे, हात झाडाकडे. अख्खे सभागृह त्या तांब्याकडे पाहत होते. राजाच्या विरहाला इतके लक्षपूर्वक श्रोते तालमीत कधी मिळाले नव्हते, कारण आता आम्हा सर्वांना वाटू लागले की ही बाग खरोखर कोणाची तरी आहे…

आणि मागच्या भिंतीकडून आवाज आला, "बुडाशी घाल रे! वरून काहून ओतून राहिला?"

शेषराव दचकला, तांब्या खाली नेला आणि म्हणाला, "हाव, बाबा."

त्या नाटकातले त्याचे हे एकमेव वाक्य. पुढे काय झाले ते वर्णन करणे कठीण आहे. लोक हसले, बाके बडवली, आणि 'वन्स मोअर'चा गजर झाला. त्या गजराने रावबहादूर जागे झाले. काय चालले आहे याची त्यांना कल्पना नव्हती, पण पहिल्या रांगेतल्या माणसाने मागे राहणे बरे नव्हे. त्यांनीही काठी आपटून 'वन्स मोअर' दिला. आता तर तो मोडता येईना. त्या काळी 'वन्स मोअर' आला की मेलेले पात्रही उठून पुन्हा गात असे. राजाने भाषण पुन्हा पहिल्यापासून धरले, मी मान पुन्हा खाली घातली, शेषरावने तांब्या पुन्हा उचलला आणि सारे जण माना वळवून भिंतीकडे पाहू लागले.

बाबा काही बोलेनात. कोणी तरी म्हणाले, "म्हना ना, बावा!"

"काय म्हनू?" बाबा म्हणाले. "आता झालं पानी त्याले. अजून घातलं तं मुळं सडतीन. ठेव बे तांब्या!"

शेषरावने तांब्या ठेवला. नाटक कसे संपले ते मला आठवत नाही. बहुधा संपले असावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी बापलेकांना आपल्या घरी बोलावले. मीही गेलो, कारण शेषरावची पेटी बांधून झाली होती आणि ती उचलायला कोणी तरी हवे होते.

"तुमच्या मुलाने कलेची विटंबना केली," सर म्हणाले. "मी याला माझ्या वर्गात बसू देणार नाही. आपण याला घेऊन जावे."

बाबा न्यायलाच आले होते. त्यांनी पेटीकडे पाहिले, मुलाकडे पाहिले. मग म्हणाले, "साहेब, मी काल नीट पायलं. त्या राजानं घंटाभर हात हालवले, पन एक काम नाई केलं. थे पोरगी बी नुसती उभी." हे माझ्याबद्दल होते. "या पोरानं तेवढं केलं. अन् राजाकडचा कान नाई काढला त्यानं. घरी मी बोलतो तवा हा बेट्टा ऐकत नाई. इथं ऐकाले शिकला. तुमी चांगलं शिकवलं, साहेब. अजून शिकवा."

सरांनी टेबलावरचे पुस्तक उघडले आणि पुन्हा मिटले. आपण न शिकवलेल्या गोष्टीची इतकी मनापासून स्तुती नाकारायची कशी, हे कोणत्याच पुस्तकात नसावे. शेवटी त्यांनी शेषरावला विचारले, "पाणी घालायला तुम्हाला कोणी सांगितले होते?"

"तुमीच म्हटलं होतं सर, बाकीचे ऐकतात. मी ऐकतच होतो. ऐकतानी मानसाचे हात काई तं करतात."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "पेटी परत खोलीवर न्या." मी नेली. ती जड होती. त्याने तीन काकड्याही बांधल्या होत्या.

पुढच्या जुलैत सरांनी वर्गात एक भाषण वाचून दाखवले आणि पुस्तक मिटून विचारले, "आता सांगा, या वेळी बाकीची पात्रे काय करीत असतील?" मग त्यांनी त्याची तीन उत्तरे उतरवून दिली. मागच्या बाकावर शेषरावही ती उतरवून घेत होता. परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. शेषरावला तीनपैकी दोनच उत्तरे आठवली, आणि तो तिसऱ्या वर्गात पास झाला.

अकोल्याच्या शाळेत त्याने मग तीस वर्षे नाटके बसवली. त्याच्या नाटकात नुसते उभे असलेले मूल मी पाहिले नाही. दरबार भरला की दरबारी मेथी निवडत. एका तपासनीसांनी नापसंती दाखवली तर म्हणाला, "साहेब, दरबार दोन तास चालते. तवर भाजी तं झाली पाह्यजे." नाटक संपल्यावर तीच भाजी मुलांना भाकरीबरोबर मिळे. मी त्याला सांगे, की अरे, मुख्य पात्राकडे कोणी बघत नाही. त्याचे उत्तर ठरलेले, "मंग त्यानं बी काई करावं." मोठ्या नाटक कंपनीत गेला नाही याची खंत वाटते का, असे मी त्याला एकदा विचारले. त्याने थोडा विचार करून नाही म्हटले, आणि मला त्यात त्याग वगैरे काही दिसला नाही. तो मजेत होता.

घरीही त्याचे तसेच. त्याच्या ओसरीवर हिवाळाभर तुरीच्या ओल्या शेंगांची टोपली असे, आणि गप्पा मारायला येईल त्याच्यासमोर ती सरकवली जाई. वकील, मामलेदार, मी, सगळे बोलता बोलता शेंगा सोलत असू. तो गेला तेव्हा पौष होता. तेराव्यानंतर शहरातले एक पुढारी सांत्वनाला आले. वहिनींनी सवयीने टोपली पुढे केली. नाट्यकलेची हानी, पोकळी आणि नव्या पिढीची जबाबदारी यांवर ते अर्धा तास बोलले, आणि बोलताना त्यांचे हात सारखे चालू होते. ते गेल्यावर आम्ही पाहिले. त्यांनी टरफले भांड्यात आणि दाणे केरात टाकले होते. ते वेचायला मला आणि वहिनींना पाऊण तास लागला, आणि त्यातले बरेचसे किडके निघाले.