राजाची उजवी बाजू

आधीच सांगतो, मी झूलॉजीचा माणूस. जबलपूरच्या एका कॉलेजात शिकवतो, तिथल्या म्युझियममधले पेंढा भरलेले नमुनेही मीच तयार करतो. कोणी भुताखेताचं काढलं की मी चहाच्या निमित्ताने उठतो... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय.

मदन महल स्टेशनजवळच्या आमच्या घरी बाबांनी एक ऑस्कर मासा पाळला होता — राजा. अर्धांगवायूत बाबांची वाचा गेली, पण राजाशी त्यांचं मस्त जमायचं. राजाच्या उजव्या अंगावर, कल्ल्याच्या मागे, टँकच्या हीटरने भाजल्याचा डाग होता. तिथले खवले परत आलेच नाहीत. बाबा काचेवर नेमकं तिथंच बोट ठेवायचे आणि राजा जागचा हलायचा नाही. बाबा गेले, मागोमाग राजाही गेला.

आई म्हणाली, “याला बी पेंढा भरून दे ना, तुझ्या कॉलेजातल्यासारखा. पण डागवाली बाजू समोर पाहिजे हं. तेवढंच तर राहिलं त्यांचं.”

“हो गं,” म्हणालो आणि माती खाल्ली! माशाची कातडी सोडवताना चीर घेतात ती भिंतीकडे जाणाऱ्या बाजूला. आणि आम्हा कॉलेजवाल्यांची सवय अशी, की पुस्तकातल्या चित्रासारखं माशाचं तोंड डावीकडे, डावी बाजू समोर. हात सवयीने चालला. उजव्या बाजूला लांब चीर गेली, थेट त्या डागातून. मांस काढून झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

आईला लगेच फोन केला. ती रागावली नाही, नुसती रडली. ते जास्त लागलं.

तरी काम पुरं केलं. बोरॅक्स लावलं, आत थर्माकोलचा साचा बसवला, टाके घातले, पर पुठ्ठ्यात दाबून मासा वाळत ठेवला. वाळल्यावर कातडीचा रंग उडतो, म्हणून रंगवायला घेतला... तर डाव्या बाजूला, कल्ल्याच्या मागे, बोटाएवढा डाग. खवले नाहीत.

आमचे लॅब असिस्टंट म्हणाले, “सर, सूखते-सूखते छिलके झड़ गए होंगे, और क्या!”

मलाही पटलं असतं. पण मासा पालथा केला, तर टाक्यांच्या दोन्ही अंगांना खवले शाबूत. डाग नाहीच! मोबाइलमधला बाबांचा जुना फोटो उघडला. मागच्या कॅलेंडरवरची अक्षरं सरळ, राजाचं तोंड उजवीकडे, बाबांचं बोट डागावर. म्हणजे बाजू उजवीच. कातडी उलटी झाली म्हणावं, तर खवले आत गेले असते. काही कळेना. दुसरा मासा म्हणावं, तर दुसरा आणणार कोण?

घरी भिंतीवर लावला. आईने जवळ येऊन डागावर बोट ठेवलं.

“काहून खोटं बोलला रे फोनवर? उगीच रडवलं मला.”

“खोटं नाही आई. थांब, खाली काढतो, मागची बाजू दाखवतो तुला...”

“राहू दे बेटा. भेटून राहिली ना मी त्यांना.”

मी हात मागे घेतला. हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर जरूर कळवा — पण मलाच. आईला नको.