शेजारच्या सीटवरची केळ

संध्याकाळी ऑफिस सुटलं की काका पार्किंगच्या मधोमध उभे राहायचे, कानटोपी काढायचे आणि टक्कल आभाळाला दाखवायचे. जरा वेळ डोळे मिटून शांत. मग टोपी पुन्हा चढवत जाहीर करायचे, "आज पडणार!"

पडणार म्हणजे फ्रॉस्ट, रात्री गोठून बर्फ होणारं दव. आणि पडायचाच. फोनवरचा हवामानाचा अंदाज चुकलेला मी खूपदा पाहिलाय, ते टक्कल चुकलेलं एकदाही नाही. आमचा गोरा बॉससुद्धा गाडीची काच रात्री झाकायची की नाही, ते त्या टकलाला विचारून ठरवायचा.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. पुण्याचे, पंपांचे इंजिनियर. जन्मभर चालू पंपाशेजारी उभं राहून बोललेले. ते मला "चहा घेणार का?" म्हणाले, की रस्त्यापलीकडच्या डेअरीतला माणूस "हो" म्हणायचा. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील, पण त्यांनी केळ पाळली नसेल.

काकांनी काकूंना शब्द दिला होता, गणपतीचा नैवेद्य घरच्या केळीच्या पानावर. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, इकडे दक्षिण गोलार्धात बाप्पा येतो हिवाळा सरता सरता, अंगणातला नळ सकाळी अजून दगड असतो तेव्हा. इंडियन दुकानात पान मिळतं ते फ्रोझन, वितळलं की रंग थेट हवालदाराच्या गणवेशाचा. म्हणून काकूंनी तीन वर्षं कागदी ताटावर भागवलं होतं. ताटावर केळीचं पान छापलेलं.

"यंदा मोदकही छापूनच आणू या का?" काकू विचारायच्या.

हॉर्नबीत स्वतःचं घर घेतलं, त्या पहिल्या हिवाळ्यात काकांनी केळ घराच्या दक्षिणेच्या भिंतीला लावली. थंडीतलं ऊन दक्षिणेकडून येतं, हे पुण्यात जन्मापासून पाहिलेलं. इकडे सूर्य उत्तरेला असतो हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि ते कुणाला विचारणाऱ्यांतले नव्हते. जूनमध्ये केळ काळी पडली आणि शिजवलेल्या पालकासारखी लोळली.

"काका, गेली," मी म्हटलं.

"गेली नाही रे, झोपलीये!"

"आणि दक्षिण दिशा?"

"दिशा बरोबर आहे. सूर्य चुकलाय."

नोव्हेंबरात खरंच कंदातून हिरवं टोक वर आलं. त्या दिवशी काका ऑफिसात असे शिरले, जणू सूर्यानं घरी येऊन माफी मागितली होती.

"आता ग्रीनहाऊस घ्या, हीटरवालं," मी सुचवलं.

"कशाला? माझ्याकडे आहे. चार चाकांचं!"

बंद गाडी उन्हात उभी केली की आत मे महिना असतो, हे गाडीत मुलांचं चॉकलेट विसरलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. काकांनी त्याचं शास्त्र केलं. कंदासकट खणून काढलेली बुटकी केळ कुंडीत, कुंडी शेजारच्या सीटवर, वर सीटबेल्ट. सकाळी केळ ऑफिसला यायची, गाडीचं तोंड उत्तरेला करून दिवसभर ऊन खायची, आणि रात्री घरी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात झोपायची. काकूंचे टॉवेल तिथून केव्हाच हद्दपार झाले होते. काकू स्वतः मागच्या सीटवर.

"माझ्यासाठी कधी गाडीचं दार उघडलंत का हो?"

"तुला फ्रॉस्ट लागत नाही."

बॉस काचेतून आत डोकावून मान हलवायचा. "मेट, हे कँटरबरी आहे. फिजी नाही."

ऑगस्टमध्ये एक सुरळी उलगडली. बाकीची पानं दारातून ने-आण करताना चिरफाळली होती. हे एकच टोकासकट अखंड. त्याची वाढ इतकी जोरात, की छताला टेकून ते गाडी वर उचलतंय असं मला दोनदा वाटलं.

गणपतीच्या आदल्या दिवशी काकांना कंपनीच्या गाडीतून टिमारूला साइटवर जावं लागलं. त्यांची गाडी आमच्या पार्किंगमध्ये, आत केळ. उन्हात ती उकडू नये म्हणून काच मूठभर उघडी. किल्ली काकांच्या खिशात, टिमारूत.

आणि जेवणाच्या सुट्टीत सदर्ली आली. दक्षिणेचा तो वारा आला की लोक आधी जॅकेट शोधतात, मग मुलं. आभाळ काळं झालं, गारा सुरू झाल्या. बोराएवढ्या. काका असते तर नारळाएवढ्या म्हणाले असते.

फोन वाजला. टिमारूहून काका, वारा आधी त्यांच्याकडे पोचलेला. "काच! अरे, काच!" फोन उचलला नसता तरी मला ऐकू आलं असतं.

मी धावलो. उघड्या फटीतून वारा आत घुसत होता आणि पान थरथरत होतं. मागून बॉस आला. त्यानं आत पाहिलं, परत गेला आणि पॅकिंगच्या बबल रॅपचा अख्खा रोल खांद्यावर घेऊन आला. "राइट. जॅकेट काढा सगळे!"

सगळ्यांनी काढली. गाडीला बबल रॅप, त्यावर पिवळी भडक जॅकेटं, त्यावर दोऱ्या. गाडी की सत्यनारायणाचा चौरंग, कळेना. बॉसनं फटीतून हात घालून गरम पाण्याची पिशवी केळीच्या मांडीवर ठेवली. मांडीच म्हणतो मी, सीटबेल्ट लावलेला होता.

काका परतले तेव्हा आम्ही सगळे शर्टावर कुडकुडत उभे होतो. ते एवढंच म्हणाले, "पान?" आणि तेही हळू. असा आवाज त्यांच्याकडे आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं.

दार उघडलं. पान अखंड होतं.

दुसऱ्या दिवशी काकांना पान कापवेना. "तूच काप," ते काकूंना म्हणाले.

"तीन वर्षं कागदावर जेवलाय बाप्पा," म्हणत काकूंनी एका घावात पान उतरवलं. हिरव्यागार पानावर मोदक बसले. बॉस त्या थंडीत जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, घालून आला होता. दारात जँडल्स काढून त्यानं हात जोडले आणि इकडचा नमस्कार केला. "किया ओरा, बाप्पा."

पुढे काका-काकू मुलीकडे उबदार ऑकलंडला, फ्लॅट बुशला राहायला गेले. परवाच फोन आला. "इथे कुंपणाला केळी नुसत्याच उभ्या आहेत रे! काही न करता! या हवेला काही मानच नाही!"

जाताना त्यांनी केळीची पिल्लं आम्हाला वाटली. आता हिवाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये सगळ्या गाड्या उत्तरेकडे तोंड करून उभ्या असतात, शेजारच्या सीटवर सीटबेल्ट लावलेली एकेक केळ. आणि ऑफिस सुटलं की बॉस मधोमध जातो, टोपी काढतो, डोळे मिटतो. टक्कल अजून पुरतं पडलेलं नाही त्याचं, पण प्रगती आहे.

मग तो आमच्याकडे वळून ओरडतो, "आज पडनार!"