थांब, हवा तापू दे

विनय गेल्याचं कळवायला त्याच्या बायकोचा, मेधाचा फोन आला तेव्हा मी पॅरामॅटाच्या ऑफिसात होते. "अगं, चहा पिऊन गॅरेजमध्ये गेला आणि..." पुण्यात इंजिनिअरिंगला विनय आणि मी एका वर्गात होतो, सिडनीतही आगेमागेच आलो. भांडायला हक्काचं माणूस गेलं माझं.

कॅसल हिलच्या त्याच्या घरातल्या त्या गॅरेजमध्ये तो दरवर्षी गणपतीचा हलता देखावा करायचा. एका वर्षी स्वारीला प्राचीन ग्रीकांच्या देवळांचं वेड लागलं. वेदीवर अग्नी पेटवला की तिथली दारं आपोआप उघडायची म्हणे! वेदीतली हवा तापून फुगणार, खालच्या बंद भांड्यातलं पाणी बादलीत ढकलणार, जड झालेली बादली दारांच्या दोऱ्या ओढणार. आग विझली की पाणी परत, दारं बंद. पठ्ठ्याने तांब्याचं भांडं, नळ्या आणून तस्संच मखर केलं, मोठ्या पाच वातींच्या दिव्यावर चालणारं. पहिल्या वर्षी दार हलायच्या आत स्मोक अलार्म कोकलला आणि आरतीची सगळी मंडळी टाळ-झांजांसकट ड्राइव्हवेवर! लेक ईशा म्हणाली, "बाबा, जस्ट यूज अ मोटर!" ऐकेल तर शपथ.

"यंत्र आहे हे सगळ्यांना ठाऊक. मग चमत्कार कसला डोंबलाचा?" मी चिडवायचे.

"ग्रीकांतही काहींना ठाऊक असेलच की. तरी दार उघडताना हात जोडले जातात ना? थांब, हवा तापू दे."

ते 'थांब' अजून कानात आहे. फार आठवण येते रे तुझी...

गेल्या रविवारी मेधाने बोलावून घेतलं. मखर तसंच उभं होतं, धूळ खात.

"त्याच्याशिवाय उघडेल का गं?" तिने विचारलं. मलाही तीच धास्ती होती. नळ्या तपासल्या, पाणी भरलं, दिवा लावला. कितीतरी वेळ काहीच होईना. मेधाचा चेहरा उतरला, ती दिवा विझवायला वाकली.

"थांब, हवा तापू दे," माझ्याच तोंडून गेलं.

दोरी ताणली गेली. दारं हळूहळू उघडली. आत नुसता रिकामा पाट. तरी आम्ही दोघींनी हात जोडले. तिथेच बसून राहिलो, त्याच्याबद्दल बोलत, मध्येच रडत.

वाती मंदावल्या तशी दारं मिटू लागली. मेधा झटकन उठली आणि तिने दिव्यात तेल ओतलं.

"इतक्यात नको गं," ती म्हणाली.